तुम्ही विचारलंत म्हणून: आत्याच्या कॉम्प्युटरचं मी काय केलं

"आत्याच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स टाकायची काय गरज होती गं?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता पहिल्या तीन शब्दांतच मी मान हलवायला लागते. काही जण तर तिच्यासमोरच विचारतात आणि वर तिच्याकडे कीव आल्यासारखं बघतात. तिला कीव केलेली अजिबात चालत नाही, हे त्यांच्या गावीही नसतं.

माझं पाठ झालेलं उत्तर असं: विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपत होता. विंडोज ११ ला मशीनमध्ये टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि आत्याचं मशीन २०१३ चं, म्हणजे तो विषयच मिटला. बाकी मशीन धडधाकट. लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) फुकट आहे, ४ जीबी रॅमवर कुरकुर न करता चालतं, आणि तिचा प्रिंटर त्याने ड्रायव्हरची सीडी न मागता ओळखला. मग चालतं मशीन भंगारात का काढायचं?

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण विंडोज १० च्या सपोर्टला वर्षभराची मुदतवाढ मिळवायची सोय होती, आणि ती मला माहीत होती. आत्याला मी ती सांगितली नाही. कारण मला मिंट टाकायचं होतं. इतकी वर्षं घरात मी एकटीच लिनक्सवाली. आणखी एक माणूस आपल्या बाजूला आलं तर बरं, अशी हाव होती. झालं समाधान?

त्या काळात मी मोठ्या तोऱ्यात म्हणायचे, "वयस्कर माणसांना काय, ब्राउझर उघडला की झालं." आज ते आठवलं की लाज वाटते. पेन ड्राइव्हवरून मिंट चालू करून मी तिला अर्धा तास बसवलं होतं. तिने बातम्या वाचल्या, एक व्हिडिओ बघितला, "बरं आहे की" म्हणाली. तिचं खरं काम काय, हे मी विचारलंच नाही. डॉक्युमेंट्स आणि फोटो कॉपी केले आणि 'डिस्क पुसून इन्स्टॉल करा' हा पर्याय निवडला. विंडोज शेजारी ठेवता आलं असतं. नको म्हटलं, उगाच गोंधळ.

आत्या बत्तीस वर्षं शिक्षिका होती. निवृत्तीनंतर ती शाळेतल्या आठवणी टाइप करत होती, तीनशेच्या वर पानं. सगळी युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या, प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या एका फॉन्टमध्ये. त्या फॉन्टांची गंमत अशी की फाइलमध्ये मराठी नसतंच. असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवायचं काम फॉन्ट करतो. आणि फॉन्ट डॉक्युमेंट्समध्ये नसतो, विंडोजच्या पोटात असतो. ते पोटच मी साफ केलं होतं.

तिने 'आठवणी' फाइल उघडली. स्क्रीनभर कंस, अर्धविराम, कॅपिटल अक्षरं. तिने खाली सरकवलं. अजून खाली. मग चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पुन्हा पहिल्या पानावर गेली. "सगळं गेलं का गं?"

मी म्हणाले, "गेलं नाही आत्या, फक्त दिसत नाहीये." तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर. असं बरोबर उत्तर मी आयुष्यात पुन्हा कुणाला देणार नाही.

फॉन्ट तिसऱ्या दिवशी सापडला, तिच्याच कपाटातल्या एका जुन्या सीडीवर. तोवर तिने मला एकही फोन केला नाही. मी गेले तेव्हा ती वहीत लिहीत बसली होती. "वही उघडली की दिसतं तरी," एवढंच बोलली. फॉन्टची फाइल जागेवर ठेवायला दोन मिनिटं लागली. अक्षरं परत आली. ती काहीच बोलली नाही, फक्त एक-एक पान मोजत गेली.

इथे थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, आता सगळं युनिकोडमध्ये आणू, म्हणजे पुन्हा ही वेळ नको. (अजूनही वाटतं, आणि ते चूक आहे असं मला कुणी पटवून दिलेलं नाही.) जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये नेमकं उलटं. कन्व्हर्टरने 'स्थिती'ची 'सि्थती' केली आणि 'वर्ग'चं 'वगर्'. शिक्षिकेच्या आठवणी, म्हणजे वर्ग किती वेळा आला असेल ते तुम्हीच बघा.

आणि तिची बोटं. वीस वर्षं ती आधी वेलांटी मारत आलीय. इनस्क्रिप्टमध्ये (युनिकोडमध्ये मराठी टाइप करायच्या कीबोर्डमध्ये) तसं केलं की वेलांटी एका ठिपक्याठिपक्यांच्या गोलावर लटकते. पहिल्यांदा ते पाहून ती म्हणाली, "हे वाटोळं कुणी केलं?" मी हसले. ती हसत नव्हती.

परत विंडोज का टाकून देत नाहीस, हा तुमचा दुसरा प्रश्न. मी तिला विचारलंय, दोनदा. एकदा म्हणाली, "आता कुठे हात बसतोय, गप्प बस." दुसऱ्यांदा म्हणाली, "तेव्हा विचारलं असतंस तर." दोन्ही उत्तरं तिचीच आहेत, आणि त्यातलं कुठलं धरायचं ते मला कळत नाही.

सध्या डेस्कटॉपवर दोन फोल्डर आहेत, 'जुनं' (जुन्या फॉन्टातलं) आणि 'नवीन' (युनिकोडमधलं). नवीन लिखाण ती 'जुनं'मध्येच करते. 'नवीन'मधलं एक प्रकरण मात्र परवा तिने मला मेल केलं. सत्तावीस ठिकाणी चुकलेला रफार लाल केलेला, आणि शेवटी, तेही लाल अक्षरांत: "बाकीचे तू शोध. सोमवारी तपासेन."