तुम्ही विचारलंत म्हणून: सायकलवाट आखताना गावाला कधी विचारायचं?

गावाकडच्या पायवाटा आणि सायकलवाटांचं काम करणाऱ्यांना एक प्रश्न हमखास येतो: "आराखडा तयार आहे, आता लोकसहभाग कसा घ्यायचा?" आराखडा तयार असेल तर उशीर झाला आहे. गावाला विचारायचं ते कागदावर रेघ ओढण्याआधी, आणि तेही शिवारात उभं राहून. ग्रामसभेचा ठराव लागतोच, पण तो शेवटी.

महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत नवी वाट काढावीच लागत नाही. जुन्या गाव नकाशात तुटक एकेरी रेघ दिसते, ती पायमार्गाची. त्याची रुंदी सव्वाआठ फूट, म्हणजे अडीच मीटर. समोरासमोर आलेल्या दोन सायकली एवढ्यात आरामात निघतात. तुटक दुहेरी रेघ गाडीमार्गाची, साडेसोळा ते एकवीस फुटांची. प्रत्यक्षात दर नांगरटीला वीतभर बांध सरकतो आणि काही वर्षांत वाटेची पाऊलवाट होते. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत काढणं हे पहिलं काम.

पण नकाशा फक्त हक्क सांगतो, वापर सांगत नाही. वापर माहीत असतो तो सरपणाला जाणाऱ्या बायकांना, पहाटे कॅन घेऊन डेअरीवर जाणाऱ्यांना, आशाताईंना आणि शाळेच्या मुलींना. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, पण वस्तीपासून शाळेपर्यंतची वाट कशी आहे हे त्या मुलींना क्वचितच कुणी विचारतं. देवळाच्या किंवा शाळेच्या अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढून घ्या. वस्त्या, ओढे, विहिरी, शाळा आणि रोजच्या वाटा, एवढं पुरे. बायकांची बैठक वेगळी घ्या. पुरुष समोर असले की दारूच्या अड्ड्यावरून किंवा निर्जन बांधावरून जाणारी वाट का नको, हे कुणी बोलत नाही. शहरातल्या सायकलस्वारांनी मोबाइलवर नोंदवलेल्या वाटांवरून आराखडा करण्याची पद्धत हल्ली दिसते. त्या नोंदींत रविवारची वर्दळ असते, सोमवारच्या शाळेची नसते.

मग शिवारफेरी, आणि ती दोनदा. पहिली जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, ओढा किती तास उतरत नाही, हे तेव्हाच दिसतं. दुसरी सुगी संपल्यावर, मार्चच्या सुमारास, रानं मोकळी असताना. तेव्हा हद्दीचे दगड सापडतात आणि चुन्याने आखणी करता येते. बरोबर दहा-पंधरा जण हवेत, त्यात कडेच्या शेतांचे मालक हवेतच. मेंढरं घेऊन येणारे धनगर त्या दिवसांत गावात असतील तर त्यांनाही बोलवा. कळपाची वाट आणि सायकलवाट एकच असेल तर ते आधी कळलेलं बरं.

चढ मोजायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. वीस मीटरला एक मीटर चढ असेल तर गिअर नसलेली सायकल दप्तरासकट चढते. बारा मीटरला एक झाला की बहुतेक मुली उतरून ढकलतात. अशा जागी बांधाला वळसा घालावा लागतो, आणि तो कुणाच्या शेतातून जाणार हे तिथेच, उभ्याउभ्या बोलून घ्यावं.

काळ्या मातीत खरी कसोटी. पावसाळ्यात चिखल मडगार्ड आणि टायरमध्ये भरून चाक फिरेनासं होतं, उन्हाळ्यात भेगांत अडकतं. वरची काळी माती काढून पंधरा सेंटिमीटर मुरूम दोन थरांत, पाणी मारून, रोलरने दाबून बसवावा लागतो. अडीच मीटर रुंदीच्या एका किलोमीटरला दाबल्यावर सुमारे 130 ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मुरूम होतो, म्हणजे सुटा 165-170 ब्रास आणावा लागतो. मुरूम कुठल्या माळावरून उचलायचा हे गावाने ठरवावं आणि तहसीलचा परवाना आधी घ्यावा. वर सुटी खडी टाकू नका. तिच्यावर सायकल घसरते. पाणी वाहून जायला आडवा उतार मीटरमागे दोन सेंटिमीटर आणि कडेला चर हवाच. चर शेतात सोडला तर शेतकरी पहिल्याच पावसात तो बुजवणार, आणि त्याचं चुकत नाही. पाणी ओघळीपर्यंत न्यावं. लहान नळकांडी पाल्याने तुंबतात, तिथे फरशी, म्हणजे पाणी वरून वाहून जाईल असा सखल पक्का तुकडा, घालणं सोपं. आणि कुंपणाच्या बाभळीच्या काट्या! उन्हाळ्यात त्या वाटेवर पसरल्या की रोज पंक्चर. काट्या वाटेपासून किती अंतरावर रचायच्या हेही बैठकीत ठरवण्याजोगं आहे.

जिथे खासगी जमीन लागते तिथे साध्या कागदावरचं संमतीपत्र टिकत नाही. सातबारावरच्या सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या हव्यात, लग्न होऊन परगावी गेलेल्या बहिणींच्याही. वाटेची नोंद ‘इतर हक्क’ रकान्यात व्हायला हवी, नाहीतर जमीन विकली गेल्यावर नवा मालक कुंपण घालतो. वापरातली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. लोक समजुतीने मिटेल म्हणून थांबतात आणि मुदत जाते. वाट वनजमिनीतून जात असेल तर वनहक्क कायदा 2006 चं कलम 3(2) पाहा: ग्रामसभेच्या शिफारशीने, एक हेक्टरपेक्षा कमी जमिनीसाठी, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडावी लागत नसतील तर रस्त्याला परवानगी मिळू शकते. तीन मीटर रुंदीचे तीन किलोमीटर यात बसतात.

आता ग्रामसभा. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत 26 जानेवारीच्या सभेला निम्मी घरं बंद असतात, 1 मेच्या सभेला माणसं परतलेली असतात. विषय आधी महिलांच्या सभेत मांडा. गणपूर्तीला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांतली कमी संख्या लागते. ‘रस्ता व्हावा’ एवढाच ठराव पुढे कुठल्याच टेबलावर उपयोगी पडत नाही. गट क्रमांक, लांबी, रुंदी, चराची दिशा, बैलगाडी आणि ट्रॅक्टर जाणार की नाही, हे सगळं त्यात लिहा. ट्रॅक्टर जाणार असेल तर मुरमाचा थर जाड धरावा लागतो. तो जाऊ नये म्हणून दगड रोवलेत, तर पेरणीच्या दिवसांत ते उपटले जातील.

देखभालही त्याच ठरावात. मेअखेर चर उपसणं, दसऱ्यानंतर खड्डे भरणं, आणि त्यासाठी पाच-सहा ब्रास मुरूम वाटेच्या कडेला राखून ठेवणं. कोणत्या वस्तीने वाटेचा कोणता तुकडा सांभाळायचा, तेही नावानिशी लिहा.