बिब शॉर्ट्स: घेताना, घालताना, धुताना

सायकलच्या भारी कपड्यांवर पैसे घालायचेच असतील तर ते कमरेखाली घालावेत, असं माझं मत आहे आणि त्यावरून मी कुणाशीही वाद घालायला तयार असते. जर्सी फोटोत दिसते, म्हणून माणूस आधी जर्सी घेतो. पण २०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरल्या वेळात पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) साडेतेरा तासांची मुदत असते, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तासांची. इतका वेळ बूड टेकलेलं असतं ते जर्सीवर नाही.

२०० पर्यंत माझं साध्या, बुडाशी फोमचं पॅड शिवलेल्या शॉर्ट्सवर व्यवस्थित भागलं. ३०० ची तयारी सुरू केली आणि त्यांनी मान टाकली. कमरेचं इलॅस्टिक पोटात रुतायचं, वाकून बसलं की खाली घसरायचं, त्याबरोबर पॅडही जागचं हलायचं आणि खंबाटकी चढून येईपर्यंत जांघेतली शिवण घासून नुसती आग व्हायची. बिबला खांद्यावरून पट्टे असतात. कमरेला इलॅस्टिकच नाही, त्यामुळे पोट मोकळं आणि पॅड जिथल्या तिथे. इतकं साधं आहे ते. आमच्या घरात त्याला पैलवानाचा पोशाख म्हणतात, म्हणोत.

(आणि हो, आत काही घालायचं नसतं. नव्या मुलींना हे सांगताना मी अजूनही इकडेतिकडे बघून आवाज खाली आणते. पण घाम धरून ठेवणारं सुती कापड आणि त्याची शिवण मध्ये आली की कितीही महागडं पॅड असलं तरी ते वाया गेलं.)

घेण्याआधी मी बरीच चौकशी केली. पूर्वी लोकरीच्या शॉर्ट्समध्ये खरोखरच्या चामड्याचा तुकडा शिवलेला असे. धुतला की तो वाळून कडक व्हायचा, म्हणून क्रीम चोळून मऊ करावा लागे. लायक्राचा ताणला जाणारा धागा अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत १९५८ मध्ये तयार झाला, पण सायकलस्वारांच्या मांडीवर तो यायला सत्तरच्या दशकाची अखेर उजाडली. त्यात स्वित्झर्लंडची असोस आणि इटलीची कास्तेल्ली या दोघी पुढे होत्या. चामडं गेलं, फोम आला. क्रीम तेवढं टिकलं, फक्त आता कातडी घासली जाऊ नये म्हणून ते कातडीलाच लावतात.

दुकानात गेल्यावर पहिलं काम म्हणजे शॉर्ट्स उलट्या करायच्या आणि पॅड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून दाबायचं. जाडजूड, गुबगुबीत पॅड बघून जीव सुखावतो, पण अंगठ्याला पलीकडचं बोट लागलं की समजावं, दोन तासांनी तिथे फोम नसल्यातच जमा. चांगलं पॅड त्या मानाने पातळ असतं, दाबायला जड जातं आणि सोडलं की लगेच वर येतं. लांब पल्ल्याच्या पॅडमध्ये बसण्याच्या हाडांखालचा फोम सहसा घनमीटरला १०० किलो किंवा त्याहून जास्त घनतेचा असतो, कडेला पातळ आणि हलका होत जातो. बऱ्याच ब्रँडची पॅड इलॅस्टिक इंटरफेस या नावाने एकच इटालियन कंपनी बनवते, त्यामुळे बाहेरच्या नावापेक्षा आतलं लेबल वाचलेलं बरं. बायकांचं पॅड वेगळं असतं, मागे रुंद आणि पुढे आखूड. 'युनिसेक्स' लिहिलेलं असेल तर ते पुरुषांचंच समजून पुढे जावं.

सॅडल, म्हणजे सायकलची सीट, मापाची नसेल तर मात्र जगातलं कुठलंच पॅड कामाचं नाही. तो खर्च आधी.

माप बघायचं ते उभं राहून नाही. उभं राहिलं की पट्टे खांदे खाली ओढतात, पोटावर कापडाची घडी पडते, आणि 'एक साइज मोठी दाखवा' असं तोंडातून निघून जातं. मी ट्रायल रूममध्ये समोरच्या भिंतीला हात टेकून, हँडल धरल्यासारखी वाकून उभी राहिले. वाकल्यावर पट्टे सैल पडले, घडी गेली, पॅड अंगाला चिकटून बसलं. पॅड आणि अंग यांच्यात पोकळी राहिली की तिथेच घासणार. मांडीवरची पट्टी रुंद आणि आतून सिलिकॉनच्या ठिपक्यांची असावी. अरुंद आणि घट्ट असेल तर तासाभरात मांडीवर वळ उठतो. इटालियन मापं आपल्याकडच्या एम-एलपेक्षा लहान निघतात, तेव्हा टेप घेऊन छाती, कंबर, नितंब मोजावं आणि ब्रँडच्याच तक्त्याशी ताडून बघावं. डेकॅथलॉनसारख्या दुकानात घालून बघता येतं, तिथे निदान आपलं अंग कुठल्या कापाला मानवतं हे फुकटात कळतं.

आता बायकांचा खास प्रश्न. पट्टे जर्सीच्या आत असतात. महामार्गावरच्या ढाब्याचं बाथरूम, फरशी ओली, दाराला कडी धड नाही, खुंटी तर नाहीच. जर्सी काढायची, दातात धरायची, पट्टे उतरवायचे आणि यातलं काहीही खाली टेकू द्यायचं नाही. बाहेर कुणीतरी दार वाजवत असतं. या एका कारणासाठी मी भारी बिबकडे वळले. त्यात पाठीवर पट्ट्यांना क्लिप असते, किंवा मागचा भाग इतका ताणला जातो की जर्सी न काढता खाली घेता येतो. क्लिप पाठीवर नेमकी कुठे येते ते मात्र घालूनच बघा, मणक्यावर आली तर पाण्याची सॅक अडकवल्यावर टोचते. पुरुष मित्रांना हा सगळा परिच्छेद गमतीचा वाटतो.

वरच्या दर्जाच्या परदेशी बिबची किंमत वीस हजारांच्या पुढे सहज जाते, कुरिअरने मागवली तर कस्टम ड्युटी वेगळी. माझी लंडनहून येणाऱ्या भाचीने सेलमध्ये घेऊन आणली. इथे ऑनलाइन त्याच नावाच्या दीड-दोन हजारांच्या बिब दिसतात, त्या नकली. वरचा लोगो हुबेहूब असतो, आत पॅड कुठलंही. त्यापेक्षा मधल्या किमतीची पण अस्सल घ्यावी. माझ्याकडे आता एक भारी आणि एक बरी अशा दोन आहेत. ही दुसरी कशासाठी, ते पावसाळ्याचं बोलताना सांगते.

बाकीच्या कपड्यांचं थोडक्यात. जर्सीला मागे तीन खिसे आणि पुढे पूर्ण चेन असली की पुरे. बिब काळीच घ्यावी, फिकट रंग ओला झाला की काय होतं ते मागून येणाऱ्याला विचारा. हिवाळ्यात पहाटे निघताना थंडी आणि दुपारी लोणंदच्या रस्त्यावर चटके, यावर आर्म वॉर्मरइतकी (काढता-घालता येणाऱ्या सुट्या बाह्या) पैसावसूल वस्तू दुसरी नाही. आपल्या पावसात महागडं वॉटरप्रूफ जाकीट घालून घाट चढला तर बाहेरच्या पाण्याने नाही, आतल्या घामाने भिजतो. मी बिनबाह्यांचं पातळ विंडचीटर खिशात ठेवते आणि उताराला घालते.

एवढी महाग वस्तू घरात आली आणि तिचं आयुष्य कुठे ठरतं, तर धुण्याच्या दगडावर. आमच्याकडे धुण्याला येणाऱ्या मावशींचा हात जोरकस आहे. साबण, ब्रश, आपटणं आणि शेवटी पाण्याचा थेंब राहणार नाही असा पीळ. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मावशी, हे माझं मी धुवीन." त्यांनी बिब दोन बोटांत उचलून पॅड बघितलं आणि म्हणाल्या, "एवढुश्या चड्डीला एवढी गादी? धुवा बाई तुमची तुम्हीच."

मी करते ते असं. राइडवरून आल्यावर बिब पिशवीत किंवा बादलीच्या तळाशी पडू द्यायची नाही, अंघोळीलाच बरोबर न्यायची. आतली बाजू बाहेर काढायची. पॅड नळाखाली धरून तळहाताने दाबत राहायचं. पहिल्यांदा मिठाचं गढूळ पाणी येतं, ते स्वच्छ व्हायला लागलं की गार पाण्यात ईझीसारखं सौम्य लिक्विड टाकून थोडा वेळ बुडवून ठेवायची. कातडीला क्रीमऐवजी व्हॅसलिन लावणारे बरेच आहेत. ते पॅडमध्ये मुरतं आणि गार पाण्याने निघत नाही, म्हणून मी पाण्यात विरघळणारं क्रीमच वापरते. सायकलच्या चेनचं काळं पोटरीशी लागलं असेल तर त्यावर भांड्यांच्या लिक्विडचा थेंब, बोटाने हलकेच चोळून.

सुगंधी फॅब्रिक कंडिशनर अजिबात नाही. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम शोषून बाहेर टाकण्याचं जे काम कापडाने करायचं, तेच बंद पडतं. ब्लीचही नाही, क्लोरीन आणि उष्णता हे लायक्राचे शत्रू. मशीनमध्ये टाकायचीच झाली तर जाळीच्या पिशवीत, ३० अंशांवर, आणि हातमोजे त्या धुण्यात नकोत. मोज्यांच्या वेल्क्रोने माझ्या मैत्रिणीच्या नव्याकोऱ्या बिबचे धागे असे ओढले होते की मांडीवर मांजराने ओरबाडल्यागत दिसत होतं.

पिळायचं नाही, तर पाणी काढायचं कसं? बिब जाड टॉवेलवर पसरायची, टॉवेलची घट्ट गुंडाळी करायची आणि त्यावर चक्क उभं राहायचं. पॅडपाशी टाचेने जास्त वजन द्यायचं. फोम तुटत नाही, शिवण ताणली जात नाही. मग सावलीत, पॅड वर आणि बाहेर ठेवून, दोरीवर कमरेपाशी आडवी टाकायची. पट्ट्यांनी टांगली तर ओल्या पॅडच्या वजनाने पट्टे लांबत जातात. इस्त्री नाही, कडक ऊन नाही.

उन्हाळ्यात ती संध्याकाळपर्यंत वाळते. खरी परीक्षा जुलैची. पुण्यात झड लागली की लायक्रा वाळतं, पॅड वाळत नाही. वरून हात लावला तर कोरडं वाटतं, चिमटीत दाबलं की आत गारवा. तसंच घातलं की जांघेत बुरशी, खाज, पुरळ आणि मग डॉक्टरांकडे जाऊन सांगायची लाज. म्हणून दुसरी बिब. पावसाळ्यात ओली बिब मी पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर पसरते आणि पॅड दाबून दाबून बघते. ते आतपर्यंत वाळेस्तोवर तिला हात लावत नाही. ओलसर वासाची बिब कपाटात घडी घालून ठेवली तर काळे डाग पडतात, ते जात नाहीत.

दुरुस्तीचंही जमतं. मांडीची पट्टी उसवली तेव्हा मी बिब गल्लीतल्या शिलाईवाल्या ताईंकडे नेली. साध्या मशीनची सरळ टीप घातली तर ताणल्यावर दोरा तटकन तुटतो. त्यांच्याकडे ओव्हरलॉक आहे, ती टीप कापडाबरोबर ताणली जाते. "ही रबरासारखी काय भानगड आहे हो?" म्हणत त्यांनी पाचेक मिनिटांत करून दिली. पॅडच्या आसपासची शिवण मात्र कुणाकडून पुन्हा घालून घेऊ नये, तिथे दोऱ्याची एक गाठसुद्धा शंभर किलोमीटरनंतर कळते.

बिब कधी बाद करायची? बुडाशी कापड दोन्ही हातांनी ताणून खिडकीसमोर धरायचं. उजेड आरपार आला की गेली. आपल्याला आरशात ते दिसत नाही, मागच्या सायकलवाल्याला दिसतं आणि तो सभ्य असेल तर बोलत नाही. आमच्या ग्रुपमध्ये बायकांनी एकमेकींना हे तोंडावर सांगायचं असं ठरलेलं आहे. माझी बरी बिब यंदा या परीक्षेत काठावर पास झाली, त्यामुळे ती आता फक्त घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) आणि तिच्या जागेसाठी दिवाळीच्या सेलवर माझं लक्ष आहे.