दोन बोटं कमी

माझ्या तक्त्याला नऊ रकाने होते. वेळ, राइडचं नाव, पार्कचा कोणता भाग, तिथवर चालत किती मिनिटं, रांग किती असेल, कोण बसणार, कोण थांबणार, हुकली तर दुसरी कुठली, आणि शेवटी 'शेरा'. तीन दिवसांची तीन पानं, तीन रंगांत. निघायच्या आदल्या रात्री सगळ्यांना समोर बसवून मी ते वाचून दाखवलं. बायकोने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात शूला जायचा रकाना कुठे आहे?"

मी ते हसण्यावारी नेलं. पहिल्या दुपारपर्यंत ज्या राइड्स हुकल्या, त्यांतल्या निम्म्या त्याच रकान्यात गेल्या.

थीम पार्कच्याच आवारातल्या रिसॉर्टमध्ये उतरण्याची आमची ही पहिलीच वेळ. दोन वर्षं थोडे थोडे बाजूला टाकलेले पैसे एका झटक्यात भरले की माणसाच्या अंगात एक वसुली कारकून शिरतो. तो सतत भागाकार करत असतो. आज इतक्या राइड्स झाल्या, म्हणजे एक केवढ्याला पडली? पेंगुळलेलं मूल त्याला मूल म्हणून दिसतच नाही, बुडीत खातं दिसतं. पुढचं सगळं या कारकुनाने केलं, असं म्हणायची सोय आहे. पण सही माझीच होती.

पहिल्या सकाळी आम्ही फाटक उघडल्यावर पाऊण तासाने पोहोचलो, कारण खोलीतली दोन मजली खाट मुलांना सोडवेना. आत शिरल्यावर जी पहिली राइड दिसते तिथे सगळं गाव थांबतं, तसे आम्हीही थांबलो. सकाळचा पहिला तास सोन्याचा असतो. त्या तासात सरळ पार्कचं दुसरं टोक गाठावं आणि तिथून उलटं फिरत यावं, ही अक्कल आम्हाला दुसऱ्या दिवशी रात्री आली.

समोर किल्ला दिसत होता. "तो काय, पाच मिनिटांवर आहे," मी म्हणालो. चाललो वीस मिनिटं. या किल्ल्यांचं एक गौडबंगाल असतं. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कमधला किल्ला १८९ फूट उंच आहे, पण वर वर जाताना त्याचे भाग मुद्दाम लहान लहान करत नेलेत, त्यामुळे तो आहे त्याहून बराच उंच भासतो. सिनेमाच्या सेटवरची ही जुनी युक्ती. आमच्या पार्कमधल्या किल्ल्याची उंची मी काही मोजली नाही, पण माझी पावलं त्याने बरोबर ओढून घेतली. टाचेला पहिला फोड तिथेच आला. नवे बूट सहलीसाठीच घेतले होते, हेही कबूल करून टाकतो.

मग ते अस्वल आलं.

मोठ्या रोलर कोस्टरच्या तोंडाशी लाकडाचं एक अस्वल उभं होतं, एक पंजा आडवा पुढे केलेला. त्या पंजाला डोकं टेकलं तर आत जायचं. धाकट्याने घरापासून या क्षणाची तयारी केली होती. केस पाण्याने वर उभे केले होते, आणि बुटात दोन मोजे आहेत हे मला नंतर कळलं. तो अस्वलाला पाठ लावून असा ताठ उभा राहिला, की मानेच्या शिरा दिसायला लागल्या. तिथल्या मुलीने त्याच्या डोक्यावर हलकेच तळवा ठेवला. उभे केस आडवे झाले. तळवा आणि पंजा यांच्यामध्ये दोन बोटं जागा उरली. तिने खरंच दोन बोटं घालून दाखवली. मग गुडघ्यावर बसून, त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "पुढच्या वेळी."

आता इथे कारकून बोलला. "अहो, दोन बोटांनी काय होतंय? मी शेजारी बसतोच आहे ना." मागे रांग, पुढे ती मुलगी, आणि मी वाद घालतोय. तिने शांतपणे सांगितलं, की सीटचा दांडा आणि पट्टे ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेले असतात. त्याहून लहान अंग त्यात घट्ट बसत नाही, मग शेजारी कोणी का बसेना. माझा आवाज खाली आला. धाकटा रडला नाही. त्याने अस्वलाकडे एकदा नीट बघून घेतलं आणि आजीला म्हणाला, "हे अस्वल चुकीचं बनवलंय."

आई त्याला घेऊन समोरच्या झाडाखालच्या बाकावर गेली, बायको पाणी आणायला गेली, आणि मी नि थोरली रांगेत शिरलो. फलकावर सत्तर मिनिटं.

नागमोडी रांगेची एक गंमत आहे. प्रत्येक वळणावर तीच माणसं समोरून येतात. निळ्या टोपीचा एक गृहस्थ मला त्या दिवशी इतक्यांदा भेटला, की चौथ्या वळणानंतर आम्ही मान डोलवायला लागलो आणि सातव्यानंतर ओळख द्यावी का नाही या विचाराने अवघडलो. अर्ध्या वाटेत रांग थांबली. का, ते कोणी सांगेना. पाच मिनिटांत लोक उसासे टाकायला लागले, दहाव्या मिनिटाला एकजण ओरडला. मग सूचना झाली, की गाडीची तपासणी चालू आहे, आणखी पंधरा मिनिटं लागतील. आणि काय आश्चर्य, सगळे निवांत झाले. डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ साली रांगेच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला होता. कारण माहीत नसलेली वाट माहीत असलेल्या वाटेपेक्षा लांब वाटते आणि रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा मोठा वाटतो, असं त्यांचं म्हणणं. रांगेच्या भिंतींवर चित्रं, कोपऱ्यात बोलणारा पोपट, मधेच एक खोटी गुहा असते ती याचसाठी. आपल्याला वाटतं सजावट.

थोरलीने पोपटाकडे ढुंकून पाहिलं नाही. ती वरचे रूळ बघत होती.

"बाबा, पहिलाच चढ सगळ्यात उंच का?"

"कारण हिला इंजिन नाही. साखळी एकदा वर ओढून नेते, संपलं. पुढचं सगळं त्या उंचीच्या जिवावर. घर्षण आणि हवा त्यातलं थोडं थोडं खात जातात, म्हणून नंतरचा कुठलाच चढ पहिल्याएवढा ठेवता येत नाही."

"म्हणजे पॉकेटमनी. एक तारखेला मिळतो आणि मग घसरत जातो."

हे उदाहरण मला सुचलं नसतं. मग तिने विचारलं, की तो उलटा फेरा गोल का नाही, पाण्याच्या थेंबासारखा निमुळता का आहे. हे मला माहीत होतं, आणि बापाला माहीत असलेला प्रश्न पोरीने विचारणं हे सुख विरळा. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ साली अगदी वाटोळा फेरा बांधला होता. त्यात शिरताना असा हिसका बसायचा की लोकांच्या माना धरायच्या. कॅलिफोर्नियात १९७६ साली थेंबाच्या आकाराचा पोलादी फेरा आला तेव्हा कुठे माना वाचल्या. त्यात वळण हळूहळू घट्ट होत जातं, एकदम अंगावर येत नाही. आणि त्याच कोनी आयलंडवर १८८४ साली लामार्कस थॉम्पसनने जी पहिली गाडी लोकांसाठी चालवली, तिचा वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर.

"एवढ्यात तर आजी पण बसेल," थोरली म्हणाली.

राइड दोन मिनिटांची होती. त्यातली मला फक्त पहिल्या चढाची खडखड आठवते, आणि तिने माझं मनगट धरलं होतं ते. सुटल्यावर तिनेच पहिल्यांदा हात काढून घेतला, कोणी पाहिलं तर काय म्हणून.

दुपारी तीन वाजता आम्ही भांडलो. कशावरून ते विचारू नका; अशा भांडणाला विषय लागत नाही, ऊन आणि पाय पुरतात. माझा फोन मेला होता. तिकिटं, नकाशा, रांगांच्या वेळा सगळं त्यातच, आणि पॉवर बँक खोलीवर. थोरलीला पुढची राइड हवी होती, धाकट्याला मांडी हवी होती. मी तक्ता काढला आणि म्हणालो, "अजून पाच राहिल्यात." बायको म्हणाली, "तुझ्या राहिल्यात."

मग आम्ही खोलीवर गेलो. रिसॉर्ट पार्कच्या आवारात असण्याचा खरा उपयोग हाच, आणि माझ्या नऊ रकान्यांत तो नव्हता. मुलं दोन तास तरण तलावात डुंबली. असा तलाव जगात कुठेही असतो, त्यात ना किल्ला ना पोपट. धाकटा पाण्यातून ओरडला, "ही सगळ्यात भारी राइड आहे!" आतला कारकून खुर्चीतच कोसळला.

त्या रात्री थोरलीला मी डिस्नेलँडच्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितली, खरं तर स्वतःचीच समजूत घालायला. १७ जुलै १९५५. बनावट पासांमुळे बोलावलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसं आत आली. डांबर इतकं ताजं होतं की बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. प्लंबरांचा संप झाल्यामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ की स्वच्छतागृहं, यांपैकी एकच वेळेत तयार होणार होतं. त्यांनी स्वच्छतागृहं निवडली. "बघ," बायको अंधारातून म्हणाली, "त्यांच्याकडे तो रकाना होता."

दुसऱ्या दिवसापासून कारभार आईच्या हाती गेला, म्हणजे तिने घेतला नाही, आपोआप गेला. ती त्या झाडाखालच्या बाकावर सामान सांभाळत बसायची आणि सगळं बघायची. मिरवणूक निघाली की समोरच्या राइडची रांग अर्धी होते, हे तिने हेरलं. कुठल्या स्वच्छतागृहाला गर्दी नसते, हेही. रात्री आतषबाजी संपल्यावर सगळी माणसं एकदम फाटकाकडे लोटली तेव्हा तीच म्हणाली, "अरे, बसा की थोडं. फाटक कुठे पळून जातंय?" आम्ही अर्धा तास बसलो. फाटक पळालं नव्हतं, गर्दी गेली होती.

आणखी एक गोष्ट तिच्याचमुळे कळली. बाकावर शेजारी बसणाऱ्या बायकांशी बोलून तिने माहिती काढली, की लहान मूल राइडवर बसू शकत नसेल तर आई-बापांपैकी एकाने आधी जायचं, दुसऱ्याने मुलापाशी थांबायचं आणि नंतर पुन्हा रांग न लावता जाऊन यायचं, अशी सोय असते. फक्त सुरुवातीला सांगावं लागतं. पहिल्या दिवशी बायको एकाही मोठ्या राइडवर बसली नव्हती. माझ्या तक्त्यात 'कोण थांबणार' या रकान्यात मी सगळीकडे तिचं नाव लिहिलं होतं. तिने ते आधीच वाचलं होतं. मी तेव्हा वाचलं.

शेवटच्या दिवशी तक्ता खोलीवरच राहिला. मुद्दाम नाही, खरंच राहिला. दुपारी ओंडक्यांच्या होड्यांशी आलो. संथ पाण्यातून होडी फिरते आणि शेवटी एक घसरण. तिथेही अस्वल होतं, पण या अस्वलाचा पंजा बराच खाली. धाकटा पंजाखाली गेला आणि डोकं टेकलं. दोनदा तपासून घेतलं त्याने. मग वळून आजीला म्हणाला, "चल."

"मी? मी सामान बघते रे."

"एवढ्यात तू बसू शकतेस, ताईने सांगितलंय."

आईने माझ्याकडे पाहिलं. पाठ, कंबर, रक्तदाब असलं काही असेल तर बसू नये, असं फलकावर लिहिलेलं तिने सावकाश, बोट फिरवत वाचलं. पर्स माझ्याकडे दिली. चष्मा काढून रुमालात गुंडाळला, तोही दिला.

धाकट्याने तिला अस्वलापाशी थांबवलं. "आधी उंची."

आई पावणेपाच फूट. ती अस्वलाला पाठ लावून उभी राहिली, अगदी ताठ, हात बाजूला. पंजा तिच्या कोपराशी आला. तिथल्या पोराने गंभीर चेहऱ्याने वाकून मोजलं, एक पाऊल मागे जाऊन पुन्हा बघितलं, आणि मान हलवली. धाकट्याने टाळ्या वाजवल्या.

ते चौघं आत गेले आणि मी झाडाखालच्या बाकावर बसलो. चार पिशव्या, एक पर्स, ओले मोजे, मांडीवर चष्मा. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमच्या आई आज नाही आल्या?"

मी होड्यांकडे बोट दाखवलं.