एकसष्ट मणी, अंदाजे किंमत शून्य

ठाण्यातल्या डी.बी.च्या, म्हणजे गुन्हे शोध पथकाच्या खोलीतून सीआयडी मालिकेचं ते ओळखीचं संगीत ऐकू आलं तेव्हाच कळलं, आज पोरं तात्यांना सोडत नाहीत. ३१ मे २०२५, शनिवार. तात्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. कुणीतरी ब्लूटूथ स्पीकर आणला होता आणि भिंतीवर फ्लेक्स लावला होता. त्यावर तात्यांचा फोटो, अंगावर काळा कोट चिकटवलेला, आणि खाली ‘दया, दरवाजा तोड दो’.

तात्यांनी फ्लेक्स चष्मा वर करून, मग खाली करून पाहिला आणि म्हणाले, “छत्तीस वर्षांत एक दार तोडलं नाही रे. वाजवलं की उघडतात लोक. नाही उघडलं, तर मागच्या दाराशी जाऊन उभं राहायचं.”

मी त्यांची रायटर. आमच्या खात्यात रायटर म्हणजे कथा-कादंबऱ्या लिहिणारी बाई नव्हे. तपासी अंमलदार तपास करतो, रायटर त्याचे कागद करतो. पंचनामे, जबाब, रिमांड रिपोर्ट, मुद्देमालाच्या पावत्या, सगळं. अकरा वर्षं मी हेच करते, त्यातली शेवटची चार तात्यांच्या हाताखाली. ते शिपाई म्हणून भरती झाले, हवालदार झाले, एएसआय झाले आणि जाताजाता श्रेणी पीएसआय म्हणून खांद्यावर दोन तारे लागले. ते तारे त्यांना शेवटपर्यंत थोडे परकेच वाटायचे. कुणी ‘साहेब’ म्हटलं की मागं वळून बघायचे.

३१ मे हा आमच्याकडे निरोपांचा दिवस. त्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून. गावच्या मास्तरांनी शाळेत नाव घालताना जूनची पहिली तारीख टाकली, की झालं. एक तारखेचा जन्म असला की निवृत्ती आदल्या दिवशी. तात्यांची आई सांगायची म्हणे, हा थंडीत झाला, शेकोटी पेटवली होती. पण कागदावर १ जून १९६७, त्यामुळे अठ्ठावन्न पूर्ण.

संध्याकाळी पाचला सत्कार होता. त्याआधी तात्यांना चार्ज द्यायचा होता आणि मला एका गुन्ह्याचं दोषारोपपत्र उरकायचं होतं. त्यातली साक्षीदारांची यादी तेवढी बाकी होती. त्याच गुन्ह्याची फिर्यादी आजी अकराच्या सुमारास आली.

गुन्हा पोत ओरबाडल्याचा. फेब्रुवारीत सकाळी साडेसहाला आजी नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत फुलं तोडत होत्या. (दुसऱ्याच्या कुंपणातली. हे त्यांनी फिर्यादीत स्वतःहून सांगितलं होतं, आणि तात्यांनी ते लिहायला लावलं नाही.) मोटारसायकलवरून दोघं आले, मागच्यानं हिसका दिला, गेले. पूर्वी असा गुन्हा आम्ही भादंविच्या, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३९२ला, जबरी चोरीत घ्यायचो. १ जुलै २०२४पासून नव्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्याला स्वतःचं कलम आलंय, ३०४. पोरं अजून मधूनच जुने आकडे बोलतात. मीही.

पोरांनी कॅमेरे पाहिले, टॉवरचा डेटा मागवला. नंबरप्लेटला चिखल होता. तात्यांनी एकच फुटेज सात-आठ वेळा बघितलं आणि विचारलं, “अंधारात हा ब्रेक कुठं मारतोय?” गल्लीच्या वळणाआड एक गतिरोधक आहे, बिनरंगाचा. नवखा माणूस त्यावर आपटतो. हा अलीकडेच हळू झाला होता. म्हणजे गल्लीत रोज येणारा. तिथून सुरू होऊन तो पोरगा सापडायला मे उजाडला. पूर्वी तो त्या गल्लीत गाड्या धुवायचा. मागं बसलेला अजून फरार आहे.

पोत मात्र मिळाली नाही. ती विकली गेली होती आणि वितळली होती. घेणाऱ्याकडून निघाली ती लगड, २१ ग्रॅमची. आता लगड ही फार बेइमान वस्तू आहे. दागिना ओळखता येतो, लगड कुणाचीही असते. कोर्टात आरोपीचा वकील आजींना उभं करून एवढंच विचारणार, “बाई, ही तुमचीच कशावरून?” आजी काय सांगणार?

हे तात्यांना फिर्याद घेतानाच दिसलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. फिर्याद मीच लिहिली. मी वजन विचारलं, वाट्या किती, पावती आहे का. तात्या मागून म्हणाले, “मण्यांचं विचार.” मला कंटाळा आला होता. मण्यांचं काय विचारायचं? ते स्वतःच आजींसमोर बसले. “मावशी, मणी कसले होते?” आजी म्हणाल्या, सासूबाईंचे जुने, लांबट. मध्ये पोत तुटली तेव्हा तीन मणी हरवले, ते सराफ बाजारातून नवे घालून घेतले. ते गोल आहेत आणि जास्त चमकतात. कधीपासून सांगत होते ह्यांना, ते तीन बदलून आणा, वेगळे दिसतात. तात्यांनी हे शब्दाला शब्द फिर्यादीत घालायला लावलं.

पोरगा पोलीस कोठडीत असताना तात्यांनी त्याला सोनं विचारलंच नाही. “मण्यांचं काय केलं?” पोरगा हसला. मणी कोण ठेवतं? सोनं काढलं आणि बाकी फेकलं. कुठं? दाखवतो म्हणाला.

मग पंच बोलावले, निवेदन पंचनामा केला आणि निघालो. आरोपीनं आपण होऊन जागा दाखवली आणि तिथं वस्तू निघाली, तर तेवढा भाग कोर्टात चालतो. पूर्वी हे पुरावा कायद्याचं कलम २७ होतं, आता साक्ष अधिनियमाच्या २३मध्ये गेलंय. जागा निघाली मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागेच्या बांधाला. खरड छाटणी होऊन वेलींना नवी फूट आलेली, दुपारचे दोन, सावली नाही. माती काळी आणि मणी काळे. फेब्रुवारीपासून त्यावरून ट्रॅक्टर गेलेला.

तात्यांनी बागेतल्या गड्याकडून वाळू चाळायची चाळणी आणि दोन बादल्या पाणी मागितलं. बांधाला सुतळी लावून हातहात चौकोन पाडले. मग माती चाळायची, उरेल ते पाण्यात टाकायचं, तळाशी बोटं फिरवायची. आता जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे, त्यामुळे मी मोबाईल धरून उभी. उन्हानं तो तापून दोनदा बंद पडला. पंचांतला एकजण म्हणाला, साहेब, दहा रुपयाला पाकीट मिळतं मण्यांचं. तात्या म्हणाले, “त्यासाठी पंच लागत नाहीत ना.”

खरं सांगते, त्या पंचासारखंच मलाही वाटत होतं. मी बाई, माझ्या गळ्यातही पोत, आणि मी मनात हिशेब करत होते की साडेपाचपर्यंत घरी पोहोचू का. अडीच तासांनी एकसष्ट मणी निघाले. एकोणसाठ लांबट, दोन गोल. तो दुसरा गोल मणी निघाला तेव्हा तात्या काही बोलले नाहीत, फक्त उकिडवे बसले होते ते मातीत मांडी घालून बसले. पंचनाम्याच्या तक्त्यात मी लिहिलं: ‘काळे मणी, ६१ नग, अंदाजे किंमत रु. ००.’ तात्यांनी वाचलं आणि सही केली. किंमत बदलायला सांगितलं नाही.

तर आजी आल्या. आजोबा बाहेर बाकावर बसले. मुद्देमाल परत देण्याचा कोर्टाचा हुकूम आला होता. मौल्यवान वस्तू फोटो आणि पंचनामा करून, हमीपत्र घेऊन लवकर परत द्याव्यात, ठाण्यात कुजवू नयेत, असं सुप्रीम कोर्टानं २००२मध्येच सांगून ठेवलंय. आजींच्या गळ्यात पिवळा दोरा होता, त्याला हळकुंड. फेब्रुवारीपासून तोच.

स्पीकरवरचं संगीत ऐकून त्या खूश झाल्या. त्या मालिकेच्या जुन्या भक्त. जानेवारी १९९८मध्ये ती सुरू झाली तेव्हापासूनच्या. २०१८मध्ये बंद पडली तेव्हा चुकचुकल्या, डिसेंबर २०२४मध्ये परत आली तेव्हा पुन्हा बसल्या, आणि एप्रिलमध्ये स्फोटात एसीपी प्रद्युम्न गेला असं दाखवलं त्या रात्री जेवल्या नाहीत, असं आजोबांनी मला सांगितलं. फ्लेक्स बघून त्यांनी तात्यांना सरळच विचारलं, “साहेब, तुम्हालाही काढलं का हो?”

“काढलं नाही, मावशी. वय झालं.”

“त्यांचं काय कमी वय होतं? एवढी वर्षं शिवाजी साटमांनी ओढलं ते.” मग थोडं थांबून, “आणि तुमचा तो डॉक्टर साळुंखे कुठंय?”

“आमचा दिंडोरी रोडला असतो, प्रयोगशाळेत. तो बोलत नाही, कागद पाठवतो.”

मुद्देमाल कारकुनानं पाकीट आणलं. सील फोडलं, लगड टेबलावर ठेवली. बोटाच्या पेराएवढी, ओबडधोबड, एका कडेला काळपट. आजी तिच्याकडे बघत राहिल्या. हात लावला नाही.

“हे काय?”

मी समजावलं. वितळवली, वजन इतकं, घट इतकी, कोर्टानं तुम्हालाच द्यायला सांगितलंय, इथं सही.

“ही माझी नाही.”

“आजी, तुमचंच सोनं आहे ते.”

“सोनं असेल. पोत नाही ही. कुणाकुणाचं एकत्र केलं असेल त्यात. दुसरीचं मी गळ्यात घालू?” आणि मग रागानं, “टीव्हीत जशीच्या तशी परत देतात.”

मी तात्यांकडे बघितलं. हुकूम हातात, बाई घ्यायला तयार नाही. असं माझ्या अकरा वर्षांत झालं नव्हतं. तात्यांनी कारकुनाला खूण केली. दुसरं पाकीट, छोटं. तात्यांनी टेबलावर पांढरा कागद पसरला, त्यावर मणी ओतले आणि एक मणी घरंगळत कडेला गेला तो बोटानं अडवला.

आजींनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग एकेक मणी नखानं सरकवत मोजायला लागल्या. मोठ्यानं नाही, ओठ हलत होते. मध्ये एका पोरानं दारातून डोकावून केकचं विचारलं, तात्यांनी हातानंच त्याला घालवलं. शेवटी गोल मण्यांपाशी आल्या, दोन्ही बाजूला काढले आणि म्हणाल्या, “तिसरा?”

“नाही सापडला, मावशी.”

“बरं झालं. मला नकोच होता तो.” आणि बाहेर बघून हाक मारली, “अहो, इकडं या! आईंचे मणी आहेत.”

आजोबा आले. त्यांना काही दिसत नव्हतं, पण ते होहो म्हणाले. मग आजींनी लगड उचलली, मण्यांच्या शेजारी ठेवली आणि सही केली. मी हमीपत्र वाचून दाखवलं: कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन, स्वरूप बदलणार नाही, विकणार नाही.

“म्हणजे ओवायचे नाहीत?”

“केस संपेपर्यंत नाही,” मी म्हटलं.

“पोरी, मी चौऱ्याहत्तरची आहे. केस कधी संपेल?”

मी तात्यांकडे बघितलं. तात्या खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या जप्तीच्या गाड्या बघत होते. मण्यांचे फोटो आहेत, जवळून काढलेले, मोजपट्टीसह. आजींच्या गळ्यात आज काय आहे ते मला माहीत नाही, आणि मी विचारायलाही जाणार नाही.

सत्कार जसा होतो तसा झाला. शाल, श्रीफळ, फेटा, तात्यांच्या बायकोला साडी. मोठ्या साहेबांना मध्येच बंदोबस्ताच्या मीटिंगचा फोन आला. येत्या कुंभमेळ्याचीच सगळीकडे तयारी. तात्यांनी २००३चा आणि २०१५चा केला, हा पहिला त्यांच्याशिवाय. त्र्यंबक रोडच्या अकादमीतून नुकताच आलेला आमचा पीएसआय भाषणात म्हणाला, तात्यांकडून खूप शिकायला मिळालं. तो येऊन तीन आठवडे झाले होते. मिसळ चांगली होती. तात्यांना बोलायला सांगितलं तर उठले, माईक तोंडापासून लांब धरून काहीतरी म्हणाले, मागच्यांना ऐकू आलं नाही, आणि बसले. वहिनी मात्र माझ्या कानात म्हणाल्या, “सत्तावीस वर्षं मी ह्यांना म्हणत आले, तो प्रद्युम्न बघा तासाभरात धरतो. आता कुणाला म्हणू?”

सहाला सगळे पांगले. मी टेबलाशी परतले. अटकेपासून साठ दिवसांत दोषारोपपत्र जायला हवं, आणि तात्यांना ते त्यांच्या डोळ्यांदेखत पूर्ण झालेलं हवं होतं. ते खुर्ची ओढून शेजारी बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला होता. मी साक्षीदारांची यादी वाचत गेले. फिर्यादी. पंच एक, पंच दोन. बागेतला गडी. लगड काढून देणारा. मग तपासी अंमलदार म्हणून तात्या.

“इथं तुमची नेमणूक टाकली होती मी. समन्स इकडंच येईल.”

“इथं पाठवून काय करता? गावाकडचा पत्ता टाका. सिन्नर तालुका. तारीख लागली की येईन मी.”

पत्ता टाईप केला. वय ५८. पुढचा रकाना व्यवसाय. तिथं आधीचं ‘नोकरी (पोलीस)’ होतं, ते मी खोडलं आणि ‘सेवानिवृत्त’ लिहिणार तेवढ्यात त्यांनी टेबलावर बोट वाजवलं.

“शेती लिही.”

“तात्या, अजून एक दिवससुद्धा केली नाही तुम्ही.”

“तारीख लागेपर्यंत केलेली असेल,” ते म्हणाले.

मी ‘शेती’ लिहिलं आणि प्रिंट काढली. तात्यांनी चष्मा खाली करून ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली.