"डोक्याचा पेशंट आहे ना, मग मत कसं देणार?"

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. अपघातात मेंदूला मार लागल्यापासून दादाला कळतं सगळं, पण शब्द फुटत नाहीत. उजवा हात लुळा, उजव्या बाजूचं दिसत नाही. रांगेत अडचण आली नाही, अपंगांना पुढे घेतात. मतदान कर्मचाऱ्यांच्या टेबलावर मात्र वरचं वाक्य ऐकलं आणि पाऊण तास गेला.

नियम साधा आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०, कलम १६ : सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवलं असेल तरच माणूस मतदार म्हणून अपात्र. दवाखान्याची फाईल किंवा टेबलावरच्या माणसाची शंका यांनी हक्क जात नाही. हे सांगितल्यावर टेबलावरचा माणूस म्हणाला, "बरं, पण मदतीला सोबती आत नको, हा काही आंधळा नाही." तेही चूक. निवडणूक संचालन नियम १९६१ मधला नियम ४९-एन (मतदाराला सोबती नेऊ देणारा) दृष्टिहीनांबरोबरच शारीरिक दुर्बलतेमुळे चिन्ह ओळखता न येणाऱ्या किंवा मदतीशिवाय बटण दाबता न येणाऱ्यांनाही लागू आहे. सोबती १८ वर्षांचा हवा, एका दिवसात एकाच मतदाराचा, आणि गुप्ततेचं प्रतिज्ञापत्र लिहून द्यायचं. वाद टेबलाशी घालू नका, थेट केंद्राध्यक्षांना भेटा. आत मोबाईल चालत नाही, म्हणून नियम छापून खिशात ठेवा. माझा कागद घरी राहिला होता!

बॅलट युनिटवर, म्हणजे मतयंत्राच्या बटणं असलेल्या भागावर, नाव, फोटो, चिन्ह आणि उजव्या टोकाला निळं बटण. उजवीकडचं न दिसणाऱ्याला नेमकं तेच सापडत नाही. मान उजवीकडे वळवून डावं बोट ओळीवरून सरकवायचं, घरी पुठ्ठ्यावर सराव करून घ्या. व्हीव्हीपॅटची (मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या यंत्राची) चिठ्ठी ७ सेकंदच दिसते, नजर आधीच तिथे हवी. सही जमत नसेल तर अंगठा चालतो.

घरून मतदानाची संधी आमची हुकली. ४० टक्के अपंगत्व असेल तर नमुना १२-ड हा अर्ज निवडणुकीच्या अधिसूचनेपासून ५ दिवसांत द्यावा लागतो; आम्ही प्रमाणपत्र शोधेपर्यंत मुदत संपली. तो मंजूर झाला की केंद्रावर मत देता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. मतदार यादीत अपंगत्वाची नोंद नमुना ८ हा अर्ज भरून होते, ती निवडणुकीची वाट न बघता करावी. वाचाघात (मेंदूच्या इजेमुळे बोलणं जाणं, दादाचं तेच) हा २०१६च्या अपंग हक्क कायद्यात वाचा व भाषा अपंगत्वात येतो, हे बीएलओला (मतदार यादीचं काम बघणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला) सांगावं लागलं.

जाताना सकाळी सातलाच जा. दुपारच्या गोंगाटात मेंदू थकतो आणि मग बोट भलत्याच बटणावर जातं.