टेम्पोवर वाजलेलं माझं कवन

आमच्या आंब्याच्या बागेत राखणीला जो नेपाळी माणूस आहे, त्याचा मुलगा नऊ वर्षांचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत जातो, आमची बोली आमच्या पोरांइतकीच सफाईने बोलतो आणि गणपतीत जाखडीच्या फेरात सगळ्यात पुढे नाचतो. गेल्या वर्षी एका दुपारी तो आमच्या खळ्यात गोट्या खेळता खेळता मोठ्याने गात होता:

परमुलखाचा येईल कोणी, नजर ठेवा रे पोरांनो,
आल्या वाटेनं धाडा त्याला, गाव राखा रे पोरांनो.

शब्द माझे, चालही माझीच. बायको पडवीत भांडी घासत होती, तिचा हात थांबला. पोराला काहीच कळलेलं नव्हतं. ठेका चांगला होता म्हणून तो गात होता.

ते कवन मी का लिहिलं होतं ते आधी सांगतो. मी गुहागर तालुक्यातला, शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे दोन शाहिरांच्या सवाल-जवाबाच्या गाण्याचा, शाहीर. आमच्याकडे सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, जमिनी गेली काही वर्षं गुंठ्यागुंठ्याने जाताहेत. घेणारा कोण हे विकणाऱ्यालाही धड माहीत नसतं, मधे दलाल असतो आणि तो दलाल बहुतेक वेळा आपल्याच भावकीतला निघतो. माझ्या कवनाची चार कडवी होती. तिसऱ्या कडव्यात हा भावकीतला दलाल होता, चौथ्यात सातबाऱ्यावर अंगठा घेणारा होता. पालुपदातला परमुलखाचा माणूस म्हणजे पैशाची थैली घेऊन येणारा, ज्याला कुणी पाहिलेलं नाही असा. गणपतीत ते गायलं, लोकांना आवडलं, कुणीतरी मोबाईलवर उतरवून घेतलं.

पुढे निवडणूक आली. एका उमेदवाराच्या माणसांनी ते रेकॉर्डिंग उचललं, तिसरं आणि चौथं कडवं कापलं, पालुपद चार वेळा चिकटवलं आणि टेम्पोवर कर्णे बांधून वाडीवाडीतून फिरवलं. मला विचारलं नव्हतं. पण खरं सांगतो, पहिल्या दिवशी कर्ण्यातून स्वतःचा आवाज ऐकून माझी छाती फुगली होती. टेम्पो बागेच्या गडग्यापाशी थांबला, तिथे राखणदाराची खोपी आहे. तिथे ते पालुपद दोनदा वाजलं. दलाल गाण्यातून निघून गेला होता आणि परमुलखाचा म्हणून आता डोळ्यांपुढे एकच माणूस उरला होता, दोन हजारांवर पगारवाढ मागितली म्हणून आम्हीच ज्याला महिनाभर झुलवत ठेवलेला.

हे सगळं मला नीट उमगायला अमेरिकेतली गाणी कामी आली. ते जरा लांबून सांगावं लागेल.

मी 2000 ते 2022 बोटीवर होतो, खलाशी म्हणून चढलो आणि बोसन, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, म्हणून उतरलो. केमिकल टँकर असल्यामुळे टेक्सासमधल्या ह्यूस्टनला वारंवार जाणं व्हायचं. तिथे सीमेन क्लबची, म्हणजे खलाशांसाठीच्या क्लबची, व्हॅन धक्क्यावर येऊन आम्हाला घेऊन जायची. क्लबात फोन कार्ड घ्यायचं, घरी बोलायचं, दुकानातून साबण-बिस्किटं घ्यायची आणि परत. व्हॅनमध्ये रेडिओ कायम कंट्रीचा, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांचा. सुरुवातीला शब्द कळायचे नाहीत, पण आवाजातला तो हेल ओळखीचा वाटायचा. गाव सुटलं, बाप गेला, शेत विकलं, बायको वाट बघते. माझे बाबा गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर ते गावी परतले ते एक ट्रंक आणि कवनांच्या तीन वह्या घेऊन. त्या वह्यांत तरी दुसरं काय होतं?

2003 च्या मार्चमध्ये आम्ही ह्यूस्टनला लागलो होतो. इराकवर हल्ला होण्याचे दिवस. टेक्सासचाच तीन बायकांचा एक गट होता, डिक्सी चिक्स, आता नुसतं चिक्स म्हणतात. त्यांची गाणी त्या व्हॅनमध्ये मी भरपूर ऐकली होती. त्यांच्यातली गायिका नॅटली मेन्स लंडनच्या कार्यक्रमात म्हणाली की, आमचा राष्ट्राध्यक्ष टेक्सासचा आहे याची आम्हाला लाज वाटते. त्या वेळी त्यांचं एका सैनिकावरचं गाणं कंट्रीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं होतं. बघता बघता रेडिओवाल्यांनी त्यांना वाजवणं बंद केलं. काही ठिकाणी त्यांच्या सीड्या टाकायला कचऱ्याचे डबे ठेवले. आमच्या व्हॅनचा चालक सत्तरीचा, सभ्य माणूस, आम्हाला हिवाळ्यात स्वतःच्या पैशाने कानटोप्या आणणारा. तो म्हणाला, माझ्या मुलीकडे त्यांच्या सगळ्या सीड्या होत्या, मी काल फेकल्या. मी विचारलं, गाणी वाईट होती का? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, गाणी चांगली होती, पण त्या आता आपल्यातल्या राहिल्या नाहीत.

‘आपल्यातल्या’ हा शब्द मला तेव्हापासून टोचतो. डल्लासमध्ये उभा राहिलेला गट, टेक्सासच्या लबकची गायिका. एका वाक्याने त्या परमुलखाच्या झाल्या.

त्या संगीताचा इतिहास वाचत गेलो तेव्हा कळलं की कोण खरा गावचा हे ठरवणारी माणसं तिथे पहिल्यापासूनच होती. नॅशव्हिलचा ग्रँड ओल ऑप्री हा रेडिओ कार्यक्रम 1925 ला सुरू झाला. त्यात हंफ्री बेट नावाचे एक डॉक्टर हार्मोनिका वाजवायचे. शिकलेला माणूस, सूट घालणारा. कार्यक्रम चालवणाऱ्या जॉर्ज डी. हे नावाच्या गृहस्थांनी अशा वादकांना शेतकऱ्यांचे डगले चढवून फोटो काढले आणि डॉक्टरांच्या ताफ्याला ‘पॉसम हंटर्स’ म्हणजे रानातल्या जनावरांचे शिकारी असं नाव दिलं. हे वाचलं आणि मला आमची गोष्ट आठवली. समुद्रकाठच्या एका रिसॉर्टवाल्याने आमच्या मंडळाला बोलावलं आणि अट घातली की सगळ्यांनी कोळ्यांचा तिकोनी रुमाल आणि डोक्याला टोपी घालायची, पाहुण्यांना तसं लागतं. आम्ही कुणबी. आमच्या सात पिढ्यांत कुणी जाळं टाकलेलं नाही. पैसे बरे होते, पण आम्ही गेलो नाही, आणि तो नकार बरोबरच होता असं मी आजही म्हणतो.

मात्र म्हणून जो गावात राहतो त्याचंच गाणं खरं, हेही मला पटत नाही. आमच्या शक्ती-तुऱ्याची निम्मी कवनं लालबाग-परळच्या चाळीत लिहिली गेली, गावकीच्या खोलीत, जिथे एका वळकटीवर तीन पाळ्यांतली तीन माणसं झोपायची. बाबा मला लहानपणी परळच्या दामोदर नाट्यगृहात घेऊन गेले होते. तिथे गाणारा प्रत्येक जण चाकरमानी आणि ऐकणाराही. तिकडेही तेच. कंट्री गायक मर्ल हॅगार्ड 1937 मध्ये कॅलिफोर्नियात जन्मला, ओक्लाहोमातून पोटासाठी निघून आलेल्या आईबापांच्या पोटी. घर म्हणजे मालगाडीचा डबा सुधारून केलेलं. तिथल्या लोकांनी या आलेल्यांना ‘ओकी’ म्हणून हिणवलं. 1969 मध्ये त्याने तीच शिवी छातीवर लावून ओक्लाहोमाच्या मस्कोगी गावाचं गाणं केलं. त्यातल्या राजकारणावर लोक अजून भांडतात, पण परगावी हिणवला गेलेला मुलगाच गावाचं एवढं गातो, हे माझ्या मनाला भिडतं.

मग माझं टेम्पोवरचं गाणं खोटं का झालं? मी गावचा, शब्द गावचे, दुखणं खरं.

याचं उत्तर मला शक्ती-तुऱ्यातच सापडलं. शक्तीवाले प्रकृती श्रेष्ठ म्हणतात, तुरेवाले पुरुष श्रेष्ठ. एका मंचावर एकाच रात्री दोन शाहीर. तुम्ही सवाल टाकला की समोरचा जवाब देणार, आणि तुमच्याच लोकांसमोर तुमचं म्हणणं उलटंपालटं करून दाखवणार. त्यामुळे कवन लिहितानाच हात सावध असतो. समोरचा बुवा याला काय म्हणेल, हे आधी मनात येतं. कंट्रीतही ही रीत होती, ते कळल्यावर मला फार आनंद झाला. 1952 मध्ये हँक थॉम्पसनने एका गाण्यात नवऱ्याला सोडून बारमध्ये जाणाऱ्या बाईला दोष दिला. त्याच वर्षी किटी वेल्सने त्याच चालीवर जवाब दिला, की अशा बायकांमागे लग्न झालेले आणि ते लपवणारे पुरुष असतात. ऑप्रीने आधी तिला ते गाणं म्हणू दिलं नाही, तरी ते कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. एकट्या बाईचं तिथवर पोचलेलं ते पहिलंच गाणं.

टेम्पोला जवाब नसतो. कर्णा एकाच दिशेला तोंड करून असतो. माझं तिसरं आणि चौथं कडवं म्हणजे मीच माझ्या गावाला टाकलेला सवाल होता. तो कापला आणि उरली नुसती आरोळी.

2023 मध्ये दोन गाणी मागेपुढे आली, दोन्ही मी पुन्हापुन्हा ऐकली. ऑलिव्हर अँथनी हा व्हर्जिनियातल्या फार्मव्हिलचा, तोवर फारसा कुणाला माहीत नसलेला. त्याच्या ‘रिच मेन नॉर्थ ऑफ रिचमंड’ने आल्या आल्या अमेरिकेच्या यादीत पहिला नंबर घेतला. कमी पगारात ओव्हरटाइम करणाऱ्याचं दुःख त्यात आहे. बावीस वर्षं ओव्हरटाइमच्या तासांवर संसार केला, त्यामुळे ते मला आतून समजतं. पण मधेच ते गाणं सरकारी मदतीवर जगणाऱ्या जाड माणसावर घसरतं, आणि मला तिथे दर वेळी वाईट वाटतं. वर बघत रागावलेला माणूस मधेच खाली लाथ मारतो. त्या ऑगस्टमध्ये रिपब्लिकन उमेदवारांच्या वादसभेत पहिलाच प्रश्न या गाण्यावरून निघाला. अँथनीने नंतर सांगितलं की हे गाणं मी त्या मंचावरच्या लोकांबद्दलच लिहिलं होतं. त्या एका वाक्यासाठी मी त्याला मानतो. मला तेवढं धैर्य झालं नव्हतं. मी टेम्पोमागे धावत जाऊन ‘हे दलालावर आहे, राखणदारावर नाही’ असं म्हणालो नाही.

दुसरं गाणं जेसन अल्डीनचं, ‘ट्राय दॅट इन अ स्मॉल टाउन’. शहरात चालतं ते आमच्या लहान गावात करून बघा, असा त्याचा रोख. अल्डीन जॉर्जियातल्या मेकनचा, म्हणजे शहरातला, आणि गाणं लिहिलेलं इतरांनी, पण ते मी वर म्हटलंय, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती व्हिडिओला. तो टेनेसीतल्या कोलंबिया गावच्या न्यायालयासमोर चित्रित केला. त्याच न्यायालयाच्या इमारतीवरून 1927 मध्ये हेन्री चोट या अठरा वर्षांच्या काळ्या मुलाला जमावाने फासावर लटकवलं होतं. अल्डीन म्हणाला, गाण्यात वर्णाचा एक शब्दही नाही. शब्द नाही हे खरंच आहे. माझ्याही पालुपदात नेपाळी हा शब्द नव्हता. एका वाहिनीने व्हिडिओ काढून टाकला, त्यानंतर गाणं पहिल्या नंबरावर गेलं. काढून टाकण्यापेक्षा त्याच न्यायालयासमोर कुणीतरी त्याच चालीवर उभं राहायला हवं होतं.

ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या गावात टेम्पो सर्वांत जास्त वेळ थांबला होता तो सहाणेपाशी. शिमग्यात पालखी सहाणेवर बसते, मग घरोघर जाते. माझ्या लहानपणी एका वाडीत ती जात नव्हती. का, ते कुणी सांगायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही. ‘आमचा गाव एक’ असं त्या सहाणेवरून कर्ण्याने सांगायचं म्हणजे काय, हे टेनेसीतल्या न्यायालयाने मला दाखवलं.

कंट्री गायिका लोरेटा लिनबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. केंटकीच्या खाणकामगाराची मुलगी. 1975 मध्ये तिने गर्भनिरोधक गोळीवर गाणं म्हटलं तेव्हा कितीतरी रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. हीच बाई 2016 मध्ये ट्रंपच्या बाजूने उघड बोलली. तिचं राजकारण मला पटत नाही, पण तिच्या गाण्यांतलं स्वयंपाकघर मला माझ्या आईचं वाटतं. बाबा मुंबईला आणि आई इथे एकटी, चार पोरं, दोन म्हशी. गौरीत फुगडी घालताना आई आणि तिच्या जावा नवऱ्यांची नावं घेऊन जे गायच्या ते बाबांच्या तिन्ही वह्यांत नाही.

या वर्षी आमची बारी, म्हणजे सवाल-जवाबाचा सामना, होती. समोरचे शाहीर वयाने माझ्यापेक्षा थोर, मी त्यांना काका म्हणतो. गण झाला, गौळण झाली आणि सवालाला त्यांनी सरळ मला धरलं. त्यांनी कवनात विचारलं की, शाहीर, गावाची राखण करायला पोरांना सांगता, मग बावीस वर्षं तुम्ही कुणाच्या बंदरात परमुलखाचे होतात, आणि तुम्हाला आल्या वाटेनं कुणी धाडलं? लोक हसले नाहीत. कोरसवाले माझ्याकडे बघत राहिले. फेरात तो मुलगा होता, पायात चाळ बांधून उभा. माझ्याकडे जवाब नव्हता, मी मंचावरून हात जोडले. बारी काकांनी घेतली.

दुसऱ्या दिवशी बागेत जाऊन मी राखणदाराला त्याचं नाव विचारलं. सात वर्षं आम्ही त्याला ‘बहादूर’ म्हणत होतो, सगळ्याच बागांतल्या सगळ्यांना तेच म्हणतात. त्याने नाव सांगितलं, गावही सांगितलं. ते इथे लिहीत नाही, त्याची परवानगी घेतलेली नाही. त्याच्या पगाराचं मात्र त्याच आठवड्यात ठरवलं.

काकांना जवाब पुढच्या गणपतीत द्यायचा आहे. बाबांच्या तिसऱ्या वहीत मागची पानं कोरी आहेत, तिथे लिहायला घेतलंय. आतापर्यंत दोनच ओळी बसल्या आहेत:

परक्या धक्क्यावर उभा मी, नाव कुणी ना पुसलं,
माझ्या बागंच्या राखणदाराचं मला पुसाया कुठं सुचलं?

दुसरी ओळ लांब होतेय, ढोलकीवर बसत नाही. राखणदाराचा मुलगा मला म्हणतो, ‘काका, “माझ्या” काढा, मग बसंल.’ तो शब्द मला काढायचा की ठेवायचा, ते अजून ठरत नाही.