उणे आठवा आठवडा : आमच्या फराळाच्या हिशेबाची वाटचाल

२०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ साली १२ नोव्हेंबरला. या दोन वर्षांची महिनावार विक्री शेजारी-शेजारी ठेवली, की ऑक्टोबर कोसळलेला दिसतो आणि नोव्हेंबर फुगलेला. गिऱ्हाईक कुठेच गेलेलं नसतं, मधे अधिक श्रावण आलेला असतो. आमच्याकडे चकली, चिवडा, शेव, लाडू होतात आणि वर्षाचा मोठा धंदा दिवाळीआधीच्या आठ आठवड्यांत उरकतो. बेसन कधी भरायचं, तळणीवर किती बायका लावायच्या, हे इंग्रजी महिन्यावर ठरवणं चूक आहे हे पटलं, तेव्हा एक्सेलची शीट मुळापासून नव्यानं बांधली.

प्रत्येक बिलासमोर एक रकाना वाढवला. विक्रीच्या तारखेतून त्या वर्षाच्या लक्ष्मीपूजनाची तारीख वजा करायची, सातानं भागायचं आणि त्यावर ‘इन्ट’ लावायचं, म्हणजे उत्तर खालच्या पूर्णांकावर येतं. लक्ष्मीपूजनाआधीचे सात दिवस म्हणजे उणे एक, त्याआधीचे सात उणे दोन. इथे ‘ट्रंक’ वापरलं तर घात होतो : ते शून्याकडे कापतं, त्यामुळे आधीचे सहा आणि नंतरचे सहा दिवस शून्याच्या एकाच खान्यात पडतात आणि सगळ्यात गर्दीचा आठवडाच बिघडतो.

या मोजणीत बाकीचे सणही आपोआप जागेवर बसतात. गणेश चतुर्थी २०२२, २०२३, २०२४, २०२५ या चारही वर्षी उणे आठव्या आठवड्यातच आली. २०२० साली मात्र अधिक आश्विन मधे आला आणि ती उणे बाराव्यात गेली. ते वर्ष टाळेबंदीचंही होतं, म्हणून आम्ही ते सरासरीतून काढून टाकलं. एक्सेलमधली तयार ‘फोरकास्ट शीट’ महिनावार आकडे दिले की दर बारा महिन्यांनी तोच चढ येईल असं धरते, तिला अधिक मास ठाऊक नाही.

आता अंदाज. समजा उणे चौथा आठवडा संपेपर्यंत मोसमातली २५ टक्के चकली जाते असं मागच्या वर्षांवरून दिसतं आणि यंदा तोवर २७५ किलो गेली, तर मोसमाचा आकडा ११०० किलो. पण तोच वाटा २२ टक्के धरला तर १२५० किलो होतात. सुरुवातीच्या आठवड्यांत टक्क्यातली छोटी चूक एवढी फुगते, म्हणून उणे चौथ्याच्या आधी या आकड्यावर कच्चा माल उचलू नये. पगाराची तारीखही पाहावी. २०२३ मध्ये १ नोव्हेंबर उणे दुसऱ्या आठवड्यात होता, २०२५ मध्ये १ ऑक्टोबर उणे तिसऱ्यात. त्यासाठी वेगळा रकाना ठेवला आहे.

विक्रीचा आकडा म्हणजे मागणी नव्हे, हे मात्र कुठलंही सूत्र सांगत नाही. चकली दुपारीच संपली तर शीटमध्ये तेवढीच दिसते जेवढी तळली होती, आणि पुढच्या वर्षी मॉडेल तेवढीच तळायला सांगतं. म्हणून ‘माल संपला’ ही वेळ रोज लिहावी लागते. असे दिवस सरासरीत धरत नाही. दुसरी कटकट तारखांची. बिलाच्या सॉफ्टवेअरमधून निघालेली ०३/१० ही तारीख संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर १० मार्च होते, आणि २५/१० नुसता मजकूर म्हणून राहते. एकूण बेरीज बरोबर येते, आठवडे चुकतात. म्हणून आठवड्यांची बेरीज आणि बिलांची बेरीज यांतला फरक एका खान्यात ठेवला आहे. तो शून्य नसेल तर खाना लाल होतो.

अंदाज ११०० आला म्हणून ११०० किलोच करायची का? इथेच आमचा सगळ्यात जास्त पैसा वाचला. समजा चकली ४०० रुपये किलो विकते, खर्च २६० आणि दिवाळीनंतर उरलेली २०० ला जाते. एक किलो कमी पडला तर १४० बुडतात, एक उरला तर ६०. १४० भागिले दोन्हींची बेरीज २०० म्हणजे ०.७०, म्हणजे माल पुरण्याची शक्यता ७० टक्के ठेवावी. मागच्या वर्षांत अंदाज किती चुकला, त्याचं प्रमाण विचलन (चुकांचा नेहमीचा पसारा) १५० किलो असेल, तर एक्सेलच्या ‘नॉर्म-इन्व्ह’ सूत्रामध्ये ०.७०, ११०० आणि १५० घालावं : ११७९ किलो येतात, म्हणजे अंदाजापेक्षा जास्त. ओल्या नारळाच्या रवा लाडवाचं उलट. ५०० ला विकतो, खर्च ३२०, उरला तर टाकायचाच. कमी पडला तर १८० बुडतात, उरला तर ३२०; १८० भागिले ५०० म्हणजे ०.३६. अंदाज ६०० आणि चूक ९० किलो असेल तर ५६८ किलोच करावेत. दोन्ही जिनसांना सारखेच ‘दहा टक्के जादा’ लावणं ही आमची जुनी पद्धत होती, आणि लाडवात ती दर वर्षी खड्ड्यात घालत होती.

खर्चाची शीट घाण्यावर चालते. भाजणी, मीठ, तिखट यांची बेरीज म्हणजे तयार चकलीचं वजन नाही, कारण पाणी उडतं आणि तेल मुरतं. म्हणून प्रत्येक घाण्याआधी कढईतलं तेल, मधे घातलेली भर आणि शेवटी निघालेला माल, तिन्ही काट्यावर तोलून लिहितो. पोलर घटक (तेल पुन्हापुन्हा तापल्यानं त्यात तयार होणारे) २५ टक्क्यांवर गेलेलं तेल अन्नसुरक्षा नियमानुसार वापरता येत नाही, तेव्हा टाकाऊ तेलाची ओळही खर्चातच.

तेलाचा भाव आणि जीएसटी हे खाने निळे, हाताने भरायचे, शेजारी लागू झाल्याची तारीख. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झालं. दिवाळीला तेव्हा सात आठवडेही उरले नव्हते. २२ सप्टेंबर २०२५ ला पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आणि आधी दिलेली दरपत्रकं पुन्हा काढावी लागली. दर सूत्राच्या पोटात कोंबलेला असेल तर असे बदल शंभर ठिकाणी शोधत बसावं लागतं. तेलासाठी ‘डेटा टेबल’ लावलं आहे : डब्याला शंभर-शंभर रुपये वाढवत नेले तर किलोमागे काय उरतं, ते एका नजरेत कळतं.

परदेशी पार्सलं आम्ही वेगळी काढली. ती मागणी बरीच आधी येते, आणि स्थानिक विक्रीत मिसळली की टक्केवारी चुकते. शिवाय विमान कुरियर आकारमानाचं वजन लावतं : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून भागिले ५०००. ४० × ३० × ३० चं खोकं ७.२ किलो धरलं जातं, आत चिवडा चारच किलो असला तरी. चिवड्याचा दर त्यावरच काढावा.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. उणे आठवा आठवडा १३ सप्टेंबरला सुरू होतो, दुसऱ्या दिवशी चतुर्थी. बेसन आणि तेलाचे निळे खाने त्याआधीच्या शनिवारी भरायचे आहेत.